फुलं, मांजरं, कुत्री आणि घरात आहे तोच कॅमेरा

पाकळी

फुलांचे आणि घरातल्या मांजर-कुत्र्यांचे फोटो काढायचे म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कॅमेरा कोणता घेऊ? मला वाटतं, नवीन काही घेण्याआधी हातातल्या कॅमेऱ्याबद्दल दोन गोष्टी पक्क्या माहीत करून घ्याव्यात. तो किती जवळून फोकस करू शकतो, आणि आपल्याकडे असलेल्या उजेडात किती वेगवान शटर देऊ शकतो. फुलांचे फोटो बहुतेक वेळा पहिल्या कारणाने फसतात, प्राण्यांचे दुसऱ्या.

आधी जवळच्या फोकसबद्दल. प्रत्येक लेन्सचं एक किमान अंतर असतं, त्याच्या आत गेलात की फोकस होतच नाही. डीएसएलआरसोबत मिळणाऱ्या १८-५५ एमएम किट लेन्सचं हे अंतर साधारण २५ सेंटीमीटर असतं. ते लेन्सच्या टोकापासून मोजत नाहीत, सेन्सरपासून (कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग) मोजतात. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या वरच्या बाजूला एक गोल आणि त्यातून आरपार गेलेली रेघ असं चिन्ह दिसेल, सेन्सर त्या रेषेत असतो. म्हणजे लेन्सचं टोक फुलाच्या वीतभर अंतराच्याही आत जाऊ शकतं. बरेच जण उगाच लांबून काढतात आणि मग क्रॉप करत बसतात.

कॅननच्या १८-५५ आयएस एसटीएम लेन्सवर ५५ एमएमला आणि सर्वात जवळून सेन्सरवर फुलाच्या ०.३६ पट आकाराची प्रतिमा मिळते. एपीएस-सी सेन्सरवर (बहुतेक साध्या डीएसएलआरमध्ये असतो तो) याचा हिशोब असा, की सुमारे सहा सेंटीमीटर रुंदीचं दृश्य पूर्ण फ्रेम भरतं. सदाफुलीचं एक फूल त्यात बसून वर जागा उरते. याउलट सगळे जिची शिफारस करतात ती ५० एमएम एफ/१.८ एसटीएम ३५ सेंटीमीटरच्या आत फोकस करत नाही, तिथे मोठेपणा ०.२१ पटच मिळतो. फुलांसाठी म्हणून ती लेन्स घेणाऱ्यांनी हे आधी पाहावं. साधी किट लेन्स या कामात तिच्यापेक्षा सरस आहे. मांजराच्या पोर्ट्रेटसाठी मात्र ५० एमएम उत्तम, त्याबद्दल वाद नाही.

फोनचं गणित वेगळं. सेन्सर मोठा होत गेला तसं मुख्य कॅमेऱ्याचं किमान अंतरही वाढलं. काही फोन १५-२० सेंटीमीटरच्या आत फोकस करत नाहीत. त्यापेक्षा जवळ गेलात की फोन न विचारता अल्ट्रावाइड कॅमेऱ्यावर उडी मारतो आणि त्याला मॅक्रो म्हणतो. २०२१ च्या आयफोन १३ प्रोमध्ये हे दोन सेंटीमीटरपर्यंत आलं, नंतर इतरांतही दिसू लागलं. परागकण दिसतात हे खरं, पण फोनची सावली फुलावर पडते, मागची कुंडी, भिंत, दोरी सगळं फ्रेममध्ये येतं आणि पुढची पाकळी अवाजवी मोठी दिसते. मी शक्यतो तो मोड बंद करते, थोडं मागे सरकते आणि दुप्पट झूम लावते. स्वस्त फोनांत २ मेगापिक्सेलचा वेगळा मॅक्रो कॅमेरा असतो. त्याच्यापेक्षा मुख्य कॅमेऱ्याने काढून क्रॉप केलेला फोटो जवळजवळ नेहमीच चांगला येतो.

जवळ गेल्यावर पुढची अडचण म्हणजे फोकसची खोली. वर सांगितलेल्या ०.३६ पटीला अ‍ॅपर्चर (लेन्समधलं छिद्र, एफचा आकडा मोठा तितकं ते बारीक) एफ/८ ठेवलं तरी जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो. जास्वंदीचा पुंकेसरांचा दांडा समोरून घेतला तर टोकाची कुक्षी स्पष्ट होईल आणि पाकळ्या धुरकट, किंवा उलट. तोच दांडा बाजूने, सेन्सरला समांतर धरून घेतला तर एफ/८ ला सबंध दांडा मिळतो. अ‍ॅपर्चर बारीक करत एफ/१६ च्या पुढे गेलात तर डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) सगळाच फोटो मऊ पडतो. त्यामुळे आकड्यापेक्षा कोन बदला.

पार्श्वभूमी धूसर हवी असेल तर फूल आणि मागची वस्तू यांच्यातलं अंतर वाढवा. भिंतीला टेकलेल्या कुंडीतलं फूल एफ/१.८ ला काढलं तरी भिंत दिसणार. कुंडी पुढे ओढली की किट लेन्सवरसुद्धा मागचा हिरवा रंग वितळतो.

आणि वारा. प्रतिमा जितकी मोठी तितकंच फुलाचं हलणंही मोठं होतं. शटर १/२५० सेकंदापेक्षा मंद ठेवून हातात धरून काढायचं असेल तर झुळूक थांबण्याची वाट पाहावी लागते. देठाजवळ एक काडी खोचून कपड्यांच्या चिमट्याने हलकेच धरलं तरी खूप फरक पडतो.

प्राण्यांबद्दल दोनच गोष्टी सांगते, बाकी तुम्ही सगळे भर घालालच. कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा, म्हणजे जमिनीवर आडवे व्हा. आणि शटर: शांत बसलेल्या मांजराला १/२०० पुरतं, खेळणाऱ्याला १/५००, धावणाऱ्या कुत्र्याला १/१००० लागतं. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवायला घाबरू नका. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला डोळा दुरुस्त होत नाही.

नवशिक्या

उत्तम माहिती. माझी अडचण लाल फुलांची आहे. लाल जास्वंद आणि लाल गुलाब यांच्या पाकळ्यांवरच्या शिरा, सुरकुत्या काहीच दिसत नाहीत, सगळा एकच लाल गोळा येतो. फोटो जास्त उजळ झालाय असंही वाटत नाही. फोकसही बरोबर असतो.

दुर्बीण

नवशिक्या, तुमचा फोकस ठीक असणार, लाल चॅनल भरून गेलाय. सेन्सरवर प्रत्येक चार बिंदूंपैकी दोन हिरवा, एक लाल आणि एक निळा प्रकाश मोजतात. लाल पाकळी जवळजवळ फक्त लालच परत पाठवते, त्यामुळे तो एक रंग शंभर टक्क्यांवर जाऊन आदळतो आणि बाकीचे दोन खालीच राहतात. सरासरी काढून दाखवणारा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) पाहिला तर सगळं आलबेल दिसतं. कॅमेऱ्यात तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम दाखवायची सोय असते, ती चालू करा. लाल आलेख उजव्या भिंतीला चिकटला असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सोय) -२/३ किंवा -१ करा.

फोनवर फुलावर बोट दाबून धरून फोकस लॉक करायचा आणि उजेडाची पट्टी खाली ओढायची. फोटो जरा काळपट वाटेल, पण शिरा दिसू लागतील. शक्य असेल तर रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) ठेवा आणि 'व्हिविड' हे रंगांचं सेटिंग बंद करा, तेच लाल रंगाला आणखी ढकलतं. भर उन्हात काढू नका. ढगाळ दिवस किंवा फुलावर ट्रेसिंग पेपर धरून पाडलेला उजेड लाल फुलांना फार मानवतो.

जांभळ्या-निळ्या फुलांचंही असंच काहीसं होतं. काही निळसर फुलं डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा प्रकाशही परत पाठवतात. कॅमेरा त्यातला थोडा टिपतो, म्हणून निळं फूल फोटोत गुलाबीकडे झुकतं. फिल्मच्या काळापासून हे माहीत आहे. व्हाइट बॅलन्सने (सगळ्या रंगांचा समतोल बदलून) पूर्ण सुधारत नाही, एडिटिंगमध्ये फक्त जांभळ्या रंगाची छटा निळ्याकडे सरकवावी लागते.

मनीची ताई

माझी मांजर पूर्ण काळी. फोटोत ती राखाडी दिसते आणि मागची खिडकी पांढरीफटक. उजेड कमी केला तर डोळे सोडून काहीच उरत नाही. काळ्या मांजरांच्या मालकांनी काय करावं?

पाकळी

मनीची ताई, कॅमेरा समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. फ्रेम काळ्या मांजराने भरली की तो तिला राखाडी करायला उजेड वाढवतो, म्हणून -२/३ ते -१. पांढऱ्या मांजराला किंवा फ्रेमभर मोगऱ्याला नेमकं उलट, +२/३ ते +१. पण पांढरं फूल लहान आणि मागे गर्द सावली असेल तर कॅमेरा सावलीकडे पाहून उजेड वाढवतो आणि पाकळ्या जळतात, तिथे पुन्हा उणे करायचं. फ्रेममध्ये जास्त जागा कुणाची आहे ते पाहून ठरवा.

तुमच्या बाबतीत खरा घोळ खिडकीचा आहे. खिडकी मांजरामागे ठेवू नका, बाजूला घ्या. तिला खिडकीशी काटकोनात बसू द्या, तुम्ही भिंतीच्या बाजूला. काळ्या केसांचं सौंदर्य त्यावरच्या चकाकीत असतं आणि ती तिरप्या उजेडातच दिसते. सावलीच्या बाजूने एखादा पांढरा थर्माकोल किंवा पांढरी चादर उभी केली तर त्या बाजूचे केसही उलगडतात. पार्श्वभूमी काळी किंवा पांढरीशुभ्र नको. मातकट, करडी, गडद हिरवी चांगली.

बुबुळांचं एक निरीक्षण: प्रखर उजेडात मांजराची बाहुली उभ्या रेघेइतकी बारीक होते आणि डोळ्याचा रंग पूर्ण दिसतो. मंद उजेडात बाहुली गोल आणि मोठी होते, चेहरा निरागस दिसतो. कुठली मनी हवी ते ठरवून वेळ निवडा.

ओली माती

बाकी सगळं पटलं, पण एका बाबतीत मतभेद नोंदवतो. फुलांवर खरं प्रेम असेल तर किट लेन्सशी झटापट करण्यापेक्षा ९० ते १०५ एमएमची मॅक्रो लेन्स घ्यावी. १:१ मोठेपणा मिळतो, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा वस्तूएवढीच, फुलापासून लांब राहता येतं, सावली पडत नाही, फुलावरची मधमाशी उडून जात नाही. आणि तीच लेन्स प्राण्यांच्या पोर्ट्रेटलाही सुंदर चालते. ज्याला हा छंद वर्षानुवर्षं करायचा आहे त्याने टप्प्याटप्प्याने खर्च का करावा?

पाकळी

ओली माती, कीटक काढणाऱ्यासाठी तुमचं शंभर टक्के बरोबर. फुलांसाठी मला तसं वाटत नाही. १:१ ला एपीएस-सीवर जेमतेम अडीच सेंटीमीटरचं दृश्य मावतं आणि एफ/८ लाही मिलिमीटरच्या आत खोली मिळते. त्या अंतरावर फूल उरतच नाही, त्याचा एक तुकडा उरतो. तो तुकडाही सुंदर असतो, पण बहुतेकांना सबंध फूल हवं असतं, आणि ते ०.३ पटीत होतं. आधी वर्षभर किट लेन्सवर काढावं. आपल्याला तुकडा आवडतो की सबंध फूल, हे कळल्यावर लेन्स घ्यावी.

दुर्बीण

दोघांच्या मधला मार्ग आहे, तो सांगतो. एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे काच नसलेल्या पोकळ नळ्या. लेन्स सेन्सरपासून लांब नेतात, बस. नळीची लांबी भागिले लेन्सचा फोकल लेन्थ, एवढा मोठेपणा वाढतो. म्हणजे ५० एमएमच्या लेन्समागे २५ मिमीची नळी लावली की ०.५ पट वाढ, मूळचे ०.२१ धरून ०.७ च्या आसपास. लांबचं काही फोकस होणार नाही आणि थोडा उजेड कमी होईल. विजेच्या पिना असलेल्या नळ्याच घ्या, नाहीतर बऱ्याच लेन्सचं अ‍ॅपर्चर बदलताच येत नाही.

दुसरा पर्याय क्लोज-अप फिल्टरचा. हे लेन्सच्या पुढे स्क्रूसारखं बसणारं भिंग असतं, चष्म्यासारखाच नंबर असलेलं. हजाराला नंबराने भागलं की मिलिमीटरमध्ये अंतर मिळतं. +४ नंबर असेल तर लेन्स अनंतावर (सर्वात लांबच्या फोकसवर) ठेवून फिल्टरपासून २५ सेंटीमीटरवर फोकस होतो. याची खरी गंमत टेलिझूमवर (लांबचं जवळ आणणाऱ्या झूम लेन्सवर) आहे. ५५-२५० एमएम लेन्सच्या २५० टोकाला +४ फिल्टर लावला तर जवळपास १:१ मिळतं, तेही वीतभर लांबून. रेनॉक्सचा डीसीआर-२५० हा प्रसिद्ध तुकडा +८ नंबरचा आहे. एकाच भिंगाचे साधे फिल्टर कडांना जांभळट रेघा देतात. दोन भिंगं जोडलेला अ‍ॅक्रोमॅट घ्यावा. थोडक्यात, आखूड लेन्सला नळी, लांब लेन्सला फिल्टर.

ब्रिज कॅमेरेवाल्यांनीही (लेन्स न बदलता येणारा, मोठ्या झूमचा कॅमेरा) निराश होऊ नये. त्यांचा सेन्सर नखाएवढा असतो, पण त्याच कारणाने एकाच फ्रेमला फोकसची खोली खूप जास्त मिळते. उजेड भरपूर असेल तर सबंध जास्वंद आरपार स्पष्ट काढायला मोठ्या सेन्सरपेक्षा तोच सोपा पडतो.

हिरवी वाट

एक कळकळीची विनंती. फूल आणि मांजर एकत्र असा फोटो काढायचा मोह सगळ्यांना होतो. लिलीच्या जवळ मांजराला कधीही बसवू नका. खरी लिली आणि डे-लिली, दोन्ही मांजरांच्या मूत्रपिंडांना घातक आहेत. पान चावणं तर सोडाच, अंगावर पडलेले परागकण चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी जिवावर बेततं. असं काही घडल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट न पाहता लगेच प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या. कण्हेरीचे सगळे भाग कुत्र्या-मांजरांना विषारी आहेत, हृदयावर परिणाम होतो. सदाफुलीही त्यांनी खाऊ नये. गुलाब चालतो, काटे तेवढे पाहा.

दुसरं, फोटोसाठी शेजारची पानं तोडू नका, कळ्या खुडू नका. मध्ये येणारं पान दोऱ्याने हलकेच बाजूला बांधता येतं. वरून पाण्याचे फवारे मारून दवबिंदू दाखवणंही मला पटत नाही, खऱ्या दवासाठी पहाटे उठावं.

ओली माती

लिलीबद्दल लिहिलंत ते फार महत्त्वाचं. फवाऱ्याबद्दल मात्र असहमत. झाडाला पाण्याने काही होत नाही, धूळ बसलेल्या पाकळ्या धुऊन निघतात. 'हे दव आहे' असा दावा करू नये एवढं मान्य.

मनीची ताई

खिडकीचा उपाय लगेच करून पाहिला, पाठीवरची चकाकी पहिल्यांदाच दिसली. आता दोन प्रश्न. संध्याकाळी फ्लॅश मारला की डोळे हिरवे पेटतात आणि फोनचं रेड-आय बटण काही करत नाही. आणि पोर्ट्रेट मोडमध्ये मिशा गायब होतात.

दुर्बीण

मांजर-कुत्र्यांच्या दृष्टिपटलामागे टॅपेटम ल्युसिडम नावाचा आरशासारखा थर असतो. आलेला प्रकाश तो पुन्हा दृष्टिपटलातून परत पाठवतो, अंधारात दिसायला मदत म्हणून. फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असला की तोच प्रकाश थेट लेन्समध्ये येतो, हिरवा किंवा पिवळा. रेड-आयचं सॉफ्टवेअर लाल ठिपके शोधतं, त्याला हे सापडतच नाही. सयामीसारख्या निळ्या डोळ्यांच्या मांजरांत मात्र लाल चमकही दिसते. उपाय एकच, प्रकाश लेन्सपासून दूर न्या. वेगळा फ्लॅश असेल तर छताकडे वळवा. फोनवर फ्लॅश बंद ठेवून खोलीतला दिवा मनीच्या बाजूला आणा. अगदी जवळून थेट फ्लॅश तसाही तिला त्रासाचा.

पोर्ट्रेट मोड कडा अंदाजाने कापतो. मिशा, कानातले केस, फुलाचे पुंकेसर, या बारीक गोष्टी त्याच्या अंदाजात बसत नाहीत. साध्या मोडमध्ये दुप्पट किंवा तिप्पट झूम घ्या आणि मनीमागची भिंत लांब ठेवा, खरी धूसरता मिळेल आणि मिशाही राहतील.

नवशिक्या

कुत्रा क्षणभर बसत नाही, त्याचं काय? हाक मारली की धावत येऊन लेन्सच चाटतो.

हिरवी वाट

आधी दमवा, मग काढा. फिरून आल्यावर दहा मिनिटं तो जीभ काढून मजेत पडलेला असतो, तो चेहरा सर्वात छान येतो. फोकस नेहमी जवळच्या डोळ्यावर. नाकावर गेला तर लांब थोबाडाच्या कुत्र्याचे डोळे धूसर होतात. सोनीने २०१९ मध्ये प्राण्यांच्या डोळ्यावर आपोआप फोकस धरण्याची सोय आणली, आता अनेक मिररलेस कॅमेऱ्यांत ती आहे. मेनूत बंद असते, शोधून चालू करा. नसेल तर एकच फोकस बिंदू आणि बर्स्ट (बटण दाबून ठेवून सलग फोटो).

लक्ष वेधायला खेळणं निळं किंवा पिवळं घ्या. कुत्र्यांना हेच दोन रंग नीट वेगळे कळतात, हिरवळीवरचा लाल चेंडू त्यांना मळकट दिसतो. मान वाकडी करायला लावणारा आवाज एक-दोनदाच चालतो, मग त्याला सवय होते. म्हणून आधी सगळं तयार ठेवा आणि मग आवाज करा. तो वारंवार ओठ चाटत असेल, जांभया देत असेल, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत असेल तर तो वैतागला आहे. तिथे थांबायचं. कॅमेरा दिसला की पळणारा कुत्रा असाच तयार होतो.

ओली माती

आता माझा एक प्रश्न. ब्रह्मकमळाची कळी फुगली आहे, एक-दोन रात्रींत उमलेल. फूल रात्री उघडतं आणि पहाटेपर्यंत मिटतं, त्यामुळे दिवसाचा उजेड मिळणारच नाही. फ्लॅश मारला की पाकळ्या कागदासारख्या सपाट दिसतात. ट्रायपॉड आहे.

पाकळी

ट्रायपॉड आहे म्हणजे सगळं आहे. कुंडी घरात घ्या, पण आजच, कळी उमलायच्या वेळी हलवाहलव नको. पंखा आणि खिडक्या बंद. आयएसओ १००, एफ/८ किंवा एफ/११, आणि शटर हवं तितका वेळ उघडं, दोन-चार सेकंदही चालतील. दोन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बटण दाबल्याचा धक्का लागणार नाही. लेन्सचं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद ठेवा. लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं चित्र) मोठा करून हाताने फोकस करा, आतल्या पांढऱ्या कुक्षीवर.

उजेडासाठी खोलीतले दिवे बंद करा, नाहीतर दोन रंगांचे प्रकाश मिसळून पांढऱ्या पाकळ्यांना पिवळट डाग येतात. एक टॉर्च ट्रेसिंग पेपरमागून, फुलाच्या बाजूने किंवा किंचित मागून. पाकळ्या पातळ असतात, मागून उजेड आला की आतल्या शिरा उजळतात आणि सपाटपणा जातो. पुढच्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरा. मागे काळं कापड फुलापासून निदान हातभर लांब ठेवा, म्हणजे त्यावर उजेड पडणार नाही. एवढी काळी पार्श्वभूमी असताना कॅमेरा उजेड वाढवायला पाहील, म्हणून मॅन्युअल मोड वापरा.

पूर्ण उमलायला काही तास लागतात. कळी सैल होऊ लागली की तीच फ्रेम न हलवता थोड्या थोड्या वेळाने एकेक फोटो घेत राहा. फूल उघडताना पुढे झुकतं आणि रुंद होतं, त्यामुळे सुरुवातीलाच फ्रेममध्ये चारही बाजूंनी भरपूर जागा सोडा.